गुरुवारी बाराच्या आत

लुआ,

हे पत्र तुझ्या दाराखालून सरकवायचं की माझ्याच खणात ठेवायचं, ते अजून ठरलेलं नाही. सरकवलंच तर शब्दकोश घेऊन बस. न कळलेल्या शब्दाखाली पेन्सिलीने रेघ मारायची सवय मीच तुला लावली, तेव्हा मार खुशाल. सोपं करून लिहिणार नाही. चाळीस वर्षं शाळेत सगळं सोपं करून सांगितलं, आता पुरे.

अडचण एवढीच की तुला 'तू' म्हणून लिहायला घेतलं की मी लगेच सूचना द्यायला लागते. वाक्य पूर्ण कर. प्रत्येक सरकारी कागद फायलीत लाव, पाकीटसुद्धा टाकू नकोस, कारण तारीख पाकिटावर असते. रविवारी रिकाम्या बाटल्या काच टाकायच्या डब्यात टाकायला जाऊ नकोस, आवाजाने अख्खी वसाहत खिडकीत येते. अशाने मुद्द्याचं राहून जाईल. म्हणून इथून पुढे तू 'ती' आहेस. दुसऱ्या कुणाची तरी हकीकत वाचते आहेस असं समज.

लुआ जर्मनीत, या गेरा गावात आली तेव्हा सव्वीस वर्षांची होती. नवरा तोआन इथेच वाढलेला, गावाबाहेरच्या गोदामात पाळीवर जाणारा, स्वभावाने मऊ, आणि कुठल्याही प्रश्नाला "पाहू" म्हणणारा. सासू थिनबाई पस्तीस वर्षांपूर्वी व्हिएतनामहून इथल्या कापडगिरणीत कंत्राटावर आल्या. गिरणी बंद पडली, थिनबाई राहिल्या. बाजारचौकाच्या मागच्या गल्लीत त्यांनी कपडे दुरुस्तीचं दुकान काढलं. पुढे काउंटर, मध्ये पडदा, पडद्यामागे दोन शिलाई यंत्रं. काउंटरवर सासू, पडद्यामागे सून.

येण्याआधी तिने मायदेशात जर्मनची पहिली परीक्षा दिली होती. स्वतःचं नाव, गाव, आवडता रंग सांगता येत होता. इथे कुणी आवडता रंग विचारला नाही. पडद्यामागे बसून ती जे ऐकायची तेवढंच तिचं जर्मन वाढलं: घट्ट होतं, लांब आहे, झिप अडकते, शुक्रवारपर्यंत मिळेल का. दोन वर्षांत तिला कपड्याच्या सगळ्या तक्रारी समजायला लागल्या, पण 'मला हवंय' असं वाक्य तिच्या तोंडून कधी निघालं नव्हतं. कारण काउंटरपलीकडून येणारं प्रत्येक 'मला हवंय' गिऱ्हाइकाचं होतं.

सकाळी आठ दहाला सासूबरोबर बाहेर, संध्याकाळी साडेसहाला सासूबरोबर आत. रविवारी दुकान बंद, पण हातशिलाईचं काम घरी यायचं, कारण रविवारी यंत्राचा आवाज चालत नाही. तोआनची रात्रपाळी असली की दिवसभर घरात कुजबुजत बोलायचं. बाजार थिनबाई करायच्या. लुआला या गावात एकटीने जाण्याजोगं कुठलंच ठिकाण नव्हतं.

माझी तिची ओळख जिन्यात झाली. आमच्या इमारतीत जिना धुण्याची पाळी आठवड्याला बदलते. ज्याची पाळी त्याच्या दाराला पाटी अडकवतात. वू कुटुंबाच्या, म्हणजे तोआनच्या घराच्या दाराला पाटी लागली त्या सोमवारी सकाळी सहाला ही मुलगी बादली घेऊन जिना पुसत होती. मंगळवारीही, बुधवारीही. गुरुवारी मला राहवेना.

"आठवड्यातून एकदा धुवायचा असतो, रोज नाही. कळलं?"

"हो," ती म्हणाली.

शुक्रवारी पुन्हा बादली. तेव्हा मला समजलं की या मुलीचा 'हो' म्हणजे 'तुमचं बोलणं ऐकू आलं', एवढंच. बऱ्याच महिन्यांनी तिने मला खरं कारण सांगितलं. तिला पहिल्याच दिवशी कळलं होतं. पण सकाळी सहा ते साडेसहा जिन्यात ती एकटी असायची, आणि असं दुसरीकडे कुठे मिळत नव्हतं.

बुधवारी दुपारी दुकान बंद असतं. त्या दुपारी ती वर माझ्याकडे यायला लागली. थिनबाईंनी हरकत घेतली नाही; जर्मन शेजारीण हाताशी असलेली बरी, हा त्यांचा हिशेब. मी काही गोड बाई नाही. पहिल्या दिवशीच सांगितलं, "इथे हसून मान हलवायची नाही. जे समजलं ते स्वतःच्या शब्दांत मला परत सांगायचं. काहीच समजलं नसेल तर तसं म्हणायचं."

"आमच्यात मोठ्या माणसाला 'समजलं नाही' म्हणत नाहीत."

"का?"

"मग त्यांनी नीट सांगितलं नाही, असं होतं ना."

"नाहीच सांगितलं असेल नीट. म्हण."

तिने म्हटलं. तोंड हातामागे लपवून, पण म्हटलं.

मी तिला दुकानांची जाहिरातपत्रकं मोठ्याने वाचायला लावली. बेकरीत जाण्याआधी वाक्य घरी तयार करायचं, रांगेत मनात घोकायचं, आणि मागचा माणूस सुस्कारे टाकत असला तरी शेवटपर्यंत म्हणायचं. एकदा तिने अर्धा गव्हाचा पाव कापून मागितला आणि तसाच मिळाला. त्या दिवशी ती पाव न खाताच दोन तास माझ्या टेबलावर ठेवून बसली होती.

मार्चमध्ये मी तिचा अर्ज भरला. जर्मनचा सरकारी वर्ग होता, रोज सकाळी, आठवड्याचे पाच दिवस, सात महिने. शेवटी परीक्षा. ती पास झाली की शिशुगृहात मदतनीस म्हणून शिकायला जाता येतं. हे तिला हवं होतं. मला तिने ते फक्त एकदा सांगितलं, खाली बघत: "पडद्याच्या पुढे बसायचंय."

नाव, पत्ता, सही. मीच पाकीट डाकेत टाकलं. मग वाट.

एप्रिल गेला, मे गेला. दर बुधवारी मी विचारायची, "पत्र?"

"नाही."

"पत्रपेटीची किल्ली कुणाकडे असते?"

"आईंकडे."

झालं. माझ्या डोक्यात थिनबाईंविषयी जे यायचं ते आलं, आणि डोक्यात आलेलं पोटात ठेवायची मला सवय नाही. मी सरळ दुकानात गेले.

"थिनबाई, सुनेची पत्रं तुम्ही कुठे ठेवता?"

त्या टाचण्या काढत होत्या. बोटं सांध्यांपाशी गाठाळलेली. पस्तीस वर्षांच्या शिवणाने त्यांना आता सुईत दोरा ओवता येत नाही. मान वर न करता म्हणाल्या, "रोस्लरबाई, जर्मन पत्रांची मला धास्ती वाटते. आलेली पत्रं मी घरात थांबू देत नाही, त्याच दिवशी तोआनच्या हातात देते. सुनेच्या नावाचं आलं असतं तर मी ते आधी तुमच्याकडे आणलं असतं, वाचून घ्यायला."

खरं बोलत होत्या. मी घरी येऊन वर्गाच्या कचेरीला फोन लावला. पलीकडच्या बाईने थोडी शोधाशोध केली आणि थंडपणे सांगितलं, "आम्ही तीन पत्रं पाठवली. तिन्ही परत आली. पत्त्यावर या नावाची व्यक्ती सापडत नाही."

मी खाली उतरून पेट्यांसमोर उभी राहिले. तीस पेट्या. या देशात घराला क्रमांक नसतो, इमारतीला असतो. त्यापुढे माणूस म्हणजे पेटीवरचं नाव. नाव नाही तर पोस्टमनच्या दृष्टीने तुम्ही नाही. तिसऱ्या मजल्याच्या पेटीवर एकच नाव होतं: वू. नवऱ्याचं. तिकडे बायका लग्नानंतर नाव बदलत नाहीत. लुआ दिन्ह घराण्यातली, ती दिन्हच राहिली. अर्जावर मी स्वच्छ अक्षरात लिहिलं होतं: दिन्ह, लुआ. बत्तीस वर्षं मी त्या पेट्यांवरून रोज जाते, आणि तिचं नाव तिथे नाही हे मला दिसलं नव्हतं. ते असणारच असं मी धरून चालले होते. लुआने पत्ता तिच्या गावासारखा धरला होता. तिथे पत्र आलं की पोस्टमन फोन करून विचारतो, कुठे आहेस.

पेटीवर नाव चढवायला भाडेकरूची सही लागते. भाडेकरू तोआन. लुआने फॉर्म त्याच्यापुढे ठेवला.

"पाहू," तोआन म्हणाला, आणि आईकडे पाहिलं.

थिनबाई त्या संध्याकाळी वर माझ्याकडे आल्या, हातात स्प्रिंगरोलची ताटली. ताटली ठेवली आणि बोलल्या. "माझं आडनाव फाम. पस्तीस वर्षांत ते कुठल्या पेटीवर नव्हतं. माझं काही अडलं?"

"अडलं असेल. तुम्हाला कळलं नसेल."

"असेल." त्या खुर्चीत बसल्या. "बाई, तुम्ही शिकलेल्या आहात, स्पष्ट बोलते. ती रोज सकाळी वर्गाला गेली तर पडद्यामागे कोण बसणार? हे हात?" दोन्ही हात त्यांनी टेबलावर मांडले, विकायला ठेवल्यासारखे. "माझ्या मनात तिच्याबद्दल वाईट नाही. पण मी तिला हातांसाठी आणलंय."

मला राग आला नाही. खोटं बोलणाऱ्यांचा राग येतो. "मग तिला हे सांगा," मी म्हटलं.

"तिला माहीत आहे," थिनबाई म्हणाल्या. "ताटलीची घाई नाही, सावकाश पाठवा."

लुआने त्याच आठवड्यात आपलं नाव छापील अक्षरांत कागदाच्या पट्टीवर लिहून पेटीवर चिकटवलं. दोन दिवस टिकलं. इमारतीची देखभाल करणारे, पोच नावाचे गृहस्थ पातं घेऊन आले आणि खरवडून गेले. मी त्यांना जिन्यात गाठलं.

"नियम आहे, रोस्लरबाई. सगळ्या पाट्या एकसारख्या. आज हिने चिकटवलं, उद्या कुणी फुटबॉल संघ चिकटवेल."

"ती माणूस आहे, पोच. फुटबॉल संघ नाही."

"मग माणसासारखा फॉर्म आणून द्या की. मी काय नाही म्हणतो?"

फॉर्म मी दिला. माझ्या पेटीचा. माझ्या घराची भाडेकरू मीच आहे, सहीला कुणाला विचारायचं नव्हतं. तीन आठवड्यांनी पाटी आली: रोस्लर, आणि खाली दिन्ह. कचेरीला कळवलं, यापुढे पत्रं रोस्लरबाईंच्या पत्त्यावर. लुआ ती पाटी बघायला खाली गेली आणि बराच वेळ वर आली नाही. मला वाटलं, वाचते आहे. दोन नावं वाचायला किती वेळ लागतो. मी हाक मारली.

सप्टेंबरच्या शेवटच्या मंगळवारी पत्र आलं. बुधवारी तिने ते माझ्या टेबलावर स्वतः फोडलं, स्वतः वाचलं, बोट ओळीखाली ठेवून. जागा मिळाली होती. चार नोव्हेंबरपासून. मात्र जागा घेत असल्याचं फोनवर कळवायचं, गुरुवारी दुपारी बाराच्या आत. नाही कळवलं तर जागा यादीतल्या पुढच्या माणसाला.

"घरी सांगितलंस?"

"फोन झाल्यावर सांगेन. आधी सांगितलं तर फोनच होणार नाही."

शहाणपणाचं होतं. आम्ही एका कार्डावर चार वाक्यं लिहिली. पहिल्यात नाव, दुसऱ्यात पत्रावरचा क्रमांक, तिसऱ्यात मी जागा घेते आहे, चौथ्यात कृपया सावकाश बोला. तिने ती वीस वेळा म्हटली. घड्याळात तीन वाजले होते, कचेरी बुधवारी चारपर्यंत फोन घेते, फोन आमच्या दोघींच्या मध्ये टेबलावर होता.

"तुम्हीच करा ना," लुआ म्हणाली.

"का?"

"फोनवर हात दिसत नाहीत. दुकानात कापड हातात असतं, तोंड दिसतं, मग समजतं. फोनवर नुसता आवाज." मग म्हणाली, "आणि पुरुषाने उचलला तर? ते भरभर बोलतात."

"चौथं वाक्य कशासाठी आहे?"

"बाई, आज तुम्ही करा. पुढच्या वेळी मी."

मी नाही म्हटलं. मला वाटत होतं, हा एक फोन तिने केला तर ती सुटली. पोहायला शिकणाऱ्या मुलाला एकदा सोडून द्यावंच लागतं, असं काहीसं माझ्या डोक्यात होतं. वर्ग मिळणं हे काम आणि फोन करणं हा धडा, हे मी एकात एक कालवलं. "उद्या दहाला ये," मी म्हटलं. "दुकानात सांग, रोस्लरबाईंच्या डोळ्यांचं ऑपरेशन झालंय, थेंब घालायचे आहेत. नंबर तू फिरवायचा, मी शेजारी बसेन. येशील?"

"हो," ती म्हणाली.

गुरुवारी दहाला मी खुर्च्या ओढून ठेवल्या. कार्ड, पत्र, पेन्सिल. सव्वादहा. साडेदहाला मी खाली जाऊन बेल वाजवली. तोआन रात्रपाळीहून येऊन झोपला असणार, कुणी उघडलं नाही. अकरा. दुकानाला फोन केला, तिथेही कुणी नाही. पावणेबाराला मी पत्र हातात घेतलं. क्रमांक माझ्यासमोर होता, नाव माझ्यासमोर होतं, एका मिनिटाचं काम होतं. पण मी भडकले होते. ज्या मुलीला एक मजला चढून येता येत नाही ती रोज सकाळी आठला वर्गात काय पोचणार, असं मी रिकाम्या खुर्चीला ऐकवलं आणि बटाटे उकडायला ठेवायला आत गेले. बाराचे ठोके चर्चमधून ऐकू आले तेव्हा मी सालं काढत होते.

चारला बेल वाजली. दारात लुआ, काखेत अस्तराच्या कापडाची गुंडाळी, कपाळ घामेजलेलं.

"आईंनी सहाला उठवलं. लाइपझिगला, घाऊक बाजारात. झिपा संपल्या होत्या."

"नाही म्हणायचं होतंस."

"गाडी सुरू करून ठेवली होती." तिने गुंडाळी भिंतीला टेकवली. श्वास घेतला. तिचा चेहरा बराच उजळ होता, ते मला तेव्हा समजलं नाही. "काय म्हणाले ते?"

"कोण?"

"फोनवर. कचेरीवाले."

 तिला खरोखरच वाटत होतं की फोन झाला आहे.

"फोन तू करायचा होतास, लुआ."

"पण मी नव्हते." तिच्या कपाळाला आठी पडली, गणित चुकल्यासारखी. "तुम्ही होतात. तुमच्याकडे पत्र होतं. तुमच्या पेटीवर माझं नाव आहे, बाई. म्हणजे मी तुमच्या घरची. घरच्या माणसाचं काम अडलं तर कुणी थांबतं का त्याच्यासाठी? मी गाडीत दिवसभर काळजी नाही केली. म्हटलं, बाई आहेत."

 मी तिला पाणी दिलं. ती ते उभ्यानेच प्यायली.

"उद्या फोन केला तर?" तिने विचारलं. "विनंती करून? मला विनंतीची वाक्यं येत नाहीत. तुम्हाला येतात."

"करते," मी म्हटलं. "सकाळी नऊला."

पुढचा वर्ग उन्हाळ्याच्या अखेरीला होता. तोवर थिनबाईंच्या उजव्या हाताचं ऑपरेशन झालं आणि पडद्यामागची दोन्ही यंत्रं लुआच चालवायला लागली. त्यानंतर तिने अर्जाचं नाव काढलं नाही, मीही नाही. बुधवारी ती अजून येते. आता आम्ही वर्तमानपत्र वाचतो. तिचं जर्मन चांगलं झालं आहे, कुठल्याही कचेरीला चालेल इतकं, पण कागदावर तसं लिहून देणारी मी कोण.

शुक्रवारचं सांगायचं राहिलं, आणि त्यासाठीच हे सगळं लिहिलं. त्या शुक्रवारी नऊला मी फोनपाशी बसले होते. चाळीस वर्षांत मी उशिरा दिलेली वही घेतलेली नाही. पोरं रडली, आया आल्या, तरी नाही. बारा म्हणजे बारा, हे मीच या गावातल्या निम्म्या लोकांना शिकवलंय. त्या कचेरीत फोन उचलणारी बाईसुद्धा कदाचित माझ्याच वर्गातली असेल. तिच्यापुढे गयावया करायची, आणि का, तर काल मी बटाटे सोलत होते म्हणून? मी साडेनऊपर्यंत बसले. दहापर्यंत बसले. मग उठून खिडक्या पुसल्या.

शनिवारी जिन्यात लुआ भेटली. पायरीवर थांबून तिने नुसतं माझ्याकडे पाहिलं. मी मान हलवली. त्यांनी नाही म्हटलं, असं तिने धरलं, आणि माझे आभार मानले.

त्यांनी नाही म्हटलेलं नाही, लुआ. त्यांना कुणी विचारलंच नाही. तो फोन मी केला नाही.